मांजरीच्या पोटावरचे केस

माझे यजमान सेवानिवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात आमच्या मांजरीच्या पोटावरचे केस गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. निदान त्यांच्या तरी नाही.

आम्ही नल्लकुंट्याला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझं माहेर आणि सासर दोन्ही हैदराबादचं. वडील इथल्या कोर्टात वकिली करायचे, सासरे सरकारी नोकरीत होते, आणि यजमानांनीही पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी काढली. मी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या चार वर्षं आधी मी निवृत्त झाले. त्या चार वर्षांत सकाळी ते डबा घेऊन बाहेर पडले की घर माझं आणि मांजरीचं असायचं. दुपारी मी दिवाणावर पुस्तक घेऊन आडवी व्हायचे आणि ती माझ्या पोटऱ्यांना टेकून झोपायची. आम्ही एकमेकींशी फारसं बोलत नव्हतो. बरं चाललं होतं.

मांजर मुळात मुलीची. कॉलेजात असताना तिनं खालच्या पार्किंगमधून उचलून आणलेली. पुढे मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि घर लागलं की मांजर नेईन असं म्हणाली. घर लागलं, पण जावयांना मांजराजवळ बसलं की शिंका येतात असं निघालं. मांजर इथेच राहिली. पाठ राखाडी, पोट पांढरं, वय आता तेराच्या आसपास. तिला आम्ही माऊ म्हणतो. वेगळं नाव ठेवायचं राहून गेलं.

निवृत्त झाल्यावर यजमानांनी पहिला आठवडा झोप काढली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घराकडे लक्ष दिलं. दिवाण खिडकीखाली असल्यामुळे हवा अडते असं त्यांचं मत पडलं, म्हणून तो समोरच्या भिंतीला गेला. मांजरीचा वाळूचा टब बाल्कनीत बरा दिसत नाही म्हणून तो मोरीच्या आत, कपड्यांच्या बादलीमागे गेला. टबही त्यांनी जुना टाकून नवीन आणला होता, उंच कडांचा, म्हणजे वाळू बाहेर सांडायला नको. फरशी रोज फिनाईलनं पुसायची ठरली. सकाळी हॉलमध्ये सतरंजी टाकून ते कपालभाती करू लागले. मांजर आधी तिथेच उन्हाला बसायची. ती दारात उभी राहून थोडा वेळ त्यांच्याकडे बघायची आणि आत निघून जायची. कपालभाती झाली की टीव्हीवर तेलुगू बातम्या लागायच्या आणि जेवणापर्यंत चालायच्या.

पस्तीस वर्षं माणूस ऑफिसात खुर्च्या हलवत आलेला, त्याला एकदम स्वस्थ बसवणार कसं, असा विचार करून मी सोडून दिलं.

एके दिवशी सकाळी मांजर आळोखेपिळोखे देताना उताणी झाली आणि मला तिचं पोट दिसलं. पांढऱ्या केसांच्या जागी गुलाबी कातडी होती, मांड्यांच्या आतल्या बाजूपर्यंत. दाढी केल्यासारखी साफ. मी यजमानांना विचारलं, "तुम्ही हिचे केस कापलेत का?"

विचारण्याला कारण होतं. आदल्याच आठवड्यात त्यांनी बाल्कनीतला कढीपत्ता कोणाला न विचारता छाटला होता.

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मी मांजराचे केस कशाला कापीन?" म्हणाले. मग तेही येऊन वाकून बघू लागले. मांजरीनं दोघांकडे एकदा पाहिलं, एक पाय वर केला आणि पोट चाटायला सुरुवात केली. मांजरं चाटतातच, त्यात विशेष काही नाही. पण ही थांबेना. सँडपेपर घासल्यासारखा बारीक आवाज येत राहिला. मध्येच ती पुढच्या दातांनी केसांची बट धरून खेचायची. हॉलमधल्या सतरंजीवर आणि माझ्या उशीवर पांढऱ्या केसांचे झुबके का सापडत होते, ते मला तेव्हा कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की उन्हाळ्यामुळे गळतायत.

मुलीला व्हिडिओ कॉल करून पोट दाखवलं. ती म्हणाली, "आई, हिला स्ट्रेस आहे. लगेच डॉक्टरकडे घेऊन जा." यजमान मागून म्हणाले की मांजराला कसला आलाय स्ट्रेस, दिवसभर झोपते. त्यावर मुलगी बघू म्हणाली आणि तिची मीटिंग लागली.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारीणबाई तेलुगू आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर तेल आहे. त्यांनी सांगितलं की अंगात उष्णता झाली, खोबरेल लावा, थोडी हळद घाला. मी नको म्हणत होते, पण यजमानांना करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. त्यांनी दुपारी मांजरीला मांडीवर धरून हळदीचं खोबरेल पोटाला चोळलं. मांजरीला खोबरेल आवडलं. तिनं ते सगळं चाटून संपवलं, आणि संपल्यावरही उरलं असेल या आशेनं चाटत राहिली. संध्याकाळपर्यंत ती, दिवाण आणि यजमानांचा सदरा, सगळे पिवळे झाले होते. रात्री ती दोनदा ओकली. त्यानंतर यजमानांनी आपणहूनच डॉक्टरांचं नाव काढलं.

हिमायतनगरला एक दवाखाना आहे असं शेजाऱ्यांकडून कळलं. भाजीच्या झाकणाच्या टोपलीत मांजरीला घालून आम्ही ऑटोत बसलो. टोपलीतून आवाज आला तसं ऑटोवाल्यानं आरशातून विचारलं, "बिल्ली है क्या, अम्मा?" मी हो म्हटलं. पुढच्या चौकापर्यंत तो आरशात बघत राहिला. मग म्हणाला, "अंदर बैठ के जाए तो रास्ता काटी बोल के नै गिनते." त्याचं समाधान झालं होतं. आम्हालाही बरं वाटलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी मांजरीला टेबलावर ठेवलं आणि लगेच हात न लावता तिला आजूबाजूला वास घेऊ दिला. तोवर आम्हाला प्रश्न विचारले. खाणं बदललं का. पाणी जास्त पिते का. लघवीला सारखी जाते का, बसून जोर करते का. उंच जागी उडी मारते का. या शेवटच्या प्रश्नावर मी अडकले. ती खिडकीत बसायची, पण दिवाण हलवल्यापासून बसत नव्हती. मला वाटलं होतं, रुसली असेल.

मग त्यांनी बारीक दातांच्या फणीनं पाठीवरचे केस विंचरले आणि फणीतला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. पिसवांची घाण असेल तर कागदावर तांबूस डाग पडतात, असं त्यांनी सांगितलं. डाग पडले नाहीत. कातडी खरवडून काचेवर घेतली, बुरशी नव्हती. हे सगळं चालू असताना त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "घर में कुछ नया हुआ क्या? कोई आया, कोई गया?"

"काही नाही," यजमान म्हणाले. "सगळं पहिल्यासारखंच आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे पाहताना पाहिलं.

"सर, आप दिन में घर पे रहते?"

"आता राहतो," ते म्हणाले. "रिटायर झालो."

"अच्छा," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण यजमानांचा चेहरा पडला. बदलीची ऑर्डर आली की पडायचा तसा.

डॉक्टरांनी मग आम्हाला नीट समजावलं, आणि मला आवडलं ते हे की त्यांनी घाई केली नाही. मांजर केस जाईपर्यंत चाटते तेव्हा लोक आधी मनावर ढकलतात, म्हणाल्या, आणि तिथेच चुकतं. तरुण मांजर असेल तर पिसवा नाहीतर खाण्याची ॲलर्जी जास्त करून निघते. म्हातारं मांजर असेल तर आणखी काही गोष्टी बघाव्याच लागतात. मूत्राशय दुखत असेल तर ते खालचं पोट चाटतं. सांधे दुखत असतील तर त्या सांध्याच्या आसपास चाटतं. आपण गुडघा चोळतो ना, तसंच. थायरॉईडनंही होतं. हे सगळं तपासून झालं की मग मनाचा विचार. आणि बहुतेक वेळा दोन्ही मिळून असतं, असंही म्हणाल्या.

असं म्हणत त्यांनी मांजरीच्या कण्यावरून हल्लू हल्लू बोटं खाली आणली. कमरेशी आल्यावर मांजर गुरगुरली. मागचा पाय मागे ओढला तेव्हा मांजरीनं डॉक्टरांचा हात तोंडात धरला. चावली नाही, नुसता धरून ठेवला. तेरा वर्षांत मी तिला कोणाला असं करताना पाहिलं नव्हतं.

रक्त, लघवी, एक्स-रे झालं. लघवी स्वच्छ होती, थायरॉईड ठीक, मूत्रपिंडं वयाच्या मानानं बरी. एक्स-रेमध्ये मात्र कमरेचा मणका आणि दोन्ही खुबे झिजलेले दिसले. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. आम्हाला काही कळलं नाही, पण आम्ही मान हलवली.

यजमानांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, म्हणून ते पॅरासिटामोल जवळ बाळगतात. त्यांनी विचारलं की यातली पाव गोळी चालेल का, उगाच दुसरं औषध कशाला. डॉक्टरांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा बदलला.

"सर, ये दिए तो मर जाती," त्या म्हणाल्या. "एक टुकडा भी नक्को. घर का कोई भी दर्द का गोली नक्को."

पाकीट खिशात परत गेलं. मग घरात काय काय बदललं ते त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. फिनाईल बंद करा, त्या म्हणाल्या. पायाला लागलेलं ती चाटते, ते तिला विष आहे. खोबरेल बंद. जखम नाही, तेव्हा गळ्यात प्लास्टिकची चकती घालायची गरज नाही, त्यानं उलट ती बेचैन होईल. चाटताना दिसली तर ओरडायचं नाही, धरून थांबवायचं नाही. समोर दोरी हलवा, खायला द्या, लक्ष दुसरीकडे न्या. दुखण्याचं पातळ औषध दिलं, सुईशिवायच्या सिरिंजनं तोंडात घालायचं, थोड्या दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचं. आणि घर शक्य तितकं पहिल्यासारखं करा. उंच कडांच्या टबात कमरेचं दुखणं असलेली मांजर कशी जाणार?

घरी येऊन यजमानांनी टब बाल्कनीत आणून ठेवला, त्याची एक कड करवतीनं कापून खाली केली आणि हात धुवून जेवायला बसले. पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "म्हणजे मी एक रोगच आहे."

"रोग कमरेत आहे," मी म्हटलं. "तुम्ही त्यात भर घातलीत."

हे मी गमतीनं म्हटलं होतं. त्यांना ते गमतीचं वाटलं नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी त्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, डबा मागितला आणि जुनी ऑफिसची बॅग घेऊन निघाले. कुठे, तर चिक्कडपल्लीला, ग्रंथालयात. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला परत आले. रोज तसंच सुरू झालं. टीव्ही बंद, कपालभाती गच्चीवर. मांजरीचा आराम व्हावा म्हणून, असं ते म्हणायचे. घर पुन्हा माझं आणि मांजरीचं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी दिवाणावर पुस्तक घेऊन पडायचे आणि आता ग्रंथालयातला पंखा चालू असेल का, डबा कुठे बसून खात असतील, याचा विचार करत राहायचे. दोन पानांच्या पुढे पुस्तक सरकत नव्हतं.

औषधानं मांजर जरा मोकळी चालू लागली. चाटणं मात्र थोडंच कमी झालं. रक्ताच्या तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं की हे आता दिवसभर घरी नसतात. मला वाटलं, त्या शाबासकी देतील. त्या थोड्या गोंधळल्या. मग म्हणाल्या की असं एकदम निघून जाणं हाही बदलच झाला. मांजरीला सर नको आहेत असं नाही. तिला रोज तेच, त्याच वेळेला हवं आहे. जेवण ठरलेलं, खेळणं ठरलेलं, झोपायची जागा ठरलेली.

"सर, आप बस बोर होके रहो," त्या म्हणाल्या. "रोज वैसाइच."

यजमानांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

त्या संध्याकाळी आम्ही बाल्कनीत चहा घेत होतो. त्यांनी कप खाली ठेवून, रस्त्याकडे बघत विचारलं, "तुलाही माझा त्रास होतो का गं? मी घरी असतो त्याचा?"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशा प्रश्नाला माणूस नाही म्हणतो. मीही म्हणणार होते. पण ते इतक्या सरळपणे विचारत होते, की मला खोटं बोलता येईना.

"दुपारी होतो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी सवय होतेय."

"बातम्यांचा?"

"बातम्यांचा फार होतो."

त्यांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, "सांगायचंस ना." मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. त्यावर आम्ही दोघांनी चहा संपवला. मला हलकं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. रात्री ते कानात घालायचा हेडफोन कितीला मिळतो असं मुलीला फोनवर विचारत होते.

पुढच्या दिवसापासून बॅग कपाटात गेली. दिवाण खिडकीखाली परत आला. ओढताना दोघांनाही धाप लागली. खिडकीच्या कट्ट्यापर्यंत चढायला मांजरीला पायऱ्या हव्या होत्या. यजमानांनी माळ्यावरून सेवानियमांचे जुने जाड खंड काढले, ते उतरत्या उंचीनं रचले, दोरीनं करकचून बांधले आणि वर सतरंजीचा तुकडा शिवला. नियमांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आधार म्हणून वापरलं, असं ते म्हणाले. मांजरीनं दोन दिवस पायऱ्यांचा वास घेतला. तिसऱ्या दिवशी ती वर चढून कट्ट्यावर बसली, आणि आम्ही दोघं तिला दिसणार नाही असे स्वयंपाकघरात उभे राहून बघत होतो.

औषध द्यायचं काम त्यांनी घेतलं. सकाळी चहानंतर ते सिरिंज भरून तिच्याशेजारी जमिनीवर बसतात. वरून धरलं तर ती घाबरते, हे त्यांना कळलं होतं. त्यांचे गुडघे, तिची कंबर, दोघांनाही खाली बसायला वेळ लागतो. औषध झालं की ते दोरी हलवतात. ती पंजा मारते, बहुतेक वेळा बसल्या जागेवरून. दुपारी जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. मी हॉलमध्ये असते. चार वाजता बाहेर येतात आणि चहा टाकतात.

पावसाळा सरत आला तेव्हा पोटावर पहिली पांढरी लव दिसली. हात फिरवला तर मखमलीसारखी लागायची. यजमान रोज उजेडात नेऊन बघायचे, आणि पोरांच्या मार्कांसारखी मुलीला फोनवर प्रगती सांगायचे. दसऱ्यापर्यंत पोट भरून आलं. उजव्या मांडीच्या आतला रुपयाएवढा तुकडा मात्र तसाच राहिला. डॉक्टर म्हणाल्या, तो सोडून द्या. कधीतरी चाटेलच, म्हातारी झाली आहे, थोडं दुखणारच. पायऱ्यांवर पाय अडखळायला लागला, टबाबाहेर लघवी व्हायला लागली, किंवा केस पुन्हा जायला लागले तर या. नाहीतर ठरलेल्या वेळेला रक्त तपासायला या.

दिवाळीला मुलगी आणि जावई आले. जावई आल्याआल्या शिंकले. मुलीनं मांजरीला उचललं आणि म्हणाली, "आई, ही किती जाड झालीये." आमच्या लक्षात आलं नव्हतं. लक्ष दुसरीकडे न्यायचं म्हणून दोघंही तिला खायला देत होतो, आणि एकमेकांना सांगत नव्हतो. वजन वाढलं की सांध्यांवर भार येतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावलेलं होतं. तेव्हा आता खाणं मोजून आहे. वाटी रिकामी झाली की ती माझ्याकडे येऊन ओरडते, मग यजमानांकडे जाऊन ओरडते. ते तिला म्हणतात, "मला नाही, मॅडमना विचार." मग ती परत माझ्याकडे येते.